भाकर कोणी मोडायची?

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)

आज मी एका लहानशा ख्रिस्ती पंथाबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, आपल्या शिबिरात चर्चचं काय काम? समता तत्त्व म्हणून मान्य करणारी माणसंसुद्धा व्यवहारात कुठे अडतात, ते या पंथाच्या इतिहासात स्वच्छ दिसतं, म्हणून.

साल १७०८. जर्मनीतल्या श्वार्झेनाउ गावी एडर नदीत आठ जणांनी बाप्तिस्मा घेतला. पाच पुरुष, तीन स्त्रिया. तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्याने मोठेपणी पुन्हा घेणं हा तेव्हा गुन्हा होता. यांचं म्हणणं असं, की श्रद्धा समजून-उमजून स्वीकारायची असते, ती जन्माने लादता येत नाही. अलेक्झांडर माक त्यांचा पुढारी. त्याला बाप्तिस्मा कोणी द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं आणि ते नाव गुप्त ठेवलं. कोणी मोठा होऊ नये, हा हेतू. फार चांगला विचार! पण चिठ्ठ्या टाकल्या त्या पुरुषांमध्येच.

या पंथाला ‘ब्रदरन’ म्हणतात, म्हणजे बंधू. नावातही बहिणी नाहीत. १७१९पासून ही मंडळी अमेरिकेत जाऊ लागली. शस्त्र धरायचं नाही, शपथ घ्यायची नाही, राहणी साधी ठेवायची, ही त्यांची शिकवण. त्यांच्या प्रीतिभोजनात आधी एकमेकांचे पाय धुतात, मग एकत्र जेवतात, मग प्रभूची भाकर मोडतात. पुरुष पुरुषांचे पाय धुतात, बायका बायकांचे. इथवर समानता होती.

भाकरीपाशी मात्र ती संपायची. पुरुष स्वतः मोडून एकमेकांना देत. बायकांना तो अधिकार नव्हता. त्यांच्यासाठी भाकर मोडायचा तो मंडळीचा पुरुष सेवक. पाय धुण्याचं काम बाईला चालतं, भाकर मोडण्याचा मान चालत नाही. आपल्याकडे नैवेद्य रांधणारी कोण आणि दाखवणारा कोण, ते आठवा.

बायका गप्प बसल्या नाहीत. सारा मेजर प्रवचनं करायची. १८३४च्या वार्षिक सभेने स्त्रीच्या प्रवचनाला नकार दिला, तरी ती थांबली नाही. ज्यूलिया गिल्बर्ट या साध्या सभासद बाईने भाकरीचा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. अखेर १९१०मध्ये बायकांना भाकर मोडण्याची परवानगी मिळाली. पाळकपदाचा पूर्ण हक्क मिळायला १९५८ साल उजाडलं.

१८९४मध्ये या पंथाचे पहिले तीन मिशनरी मुंबईला उतरले. त्यांत मेरी स्टोव्हर आणि बर्था रायन या दोन स्त्रिया होत्या. बलसारला काम सुरू झालं, पुढे ते आपल्या डहाणूपर्यंत आलं. समुद्र ओलांडून परक्या मुलखात राबण्याइतक्या या बायका समर्थ होत्या, पण भाकर मोडण्याइतक्या नव्हत्या! यातली बरीच मंडळी १९७०मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चमध्ये सामील झाली.

मैत्रिणींनो, हे दुसऱ्यांना हसण्यासाठी सांगितलं नाही. आपल्या संघटनांतही सतरंज्या कोण घालतं, निवेदनावर सही कोण करतं, बँकेचं पुस्तक कोणाच्या पिशवीत असतं? वस्तीतल्या बाईला आपण सभेला बोलावतो. निर्णय तिच्या हाती देतो का? गटचर्चेला बसताना प्रत्येकीने आपल्या संघटनेपुरतं याचं खरं उत्तर द्यावं.