खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय आणि घरातील भांडी

(मोहगाव येथे ग्रामस्थ व शिक्षक यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



मोहगावपासून समुद्र फार दूर आहे. तरीही या भागातील जाम नदीचे पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता व गोदावरी या मार्गाने अखेर समुद्रालाच मिळते. मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, तेव्हापासून समुद्रातील जीवसृष्टी काचेआड पाहण्याचे कुतूहल जनमानसात रुजले. आपल्या शाळेतही खाऱ्या पाण्याची एक लहानशी टाकी असावी, असे शिक्षकांस वाटणे स्वाभाविक आहे. टाकी काचेची असते. परंतु पाणी कालवणे, साठवणे व बदलणे ही कामे घरातील भांड्यांनीच होतात, आणि घात होतो तो तेथेच.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. असे पाणी धातूला स्वस्थ बसू देत नाही. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक किंवा आमटी कळकते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवलेल्या खाऱ्या पाण्यातही तसेच तांबे उतरते. कोळंबी, खेकडे, शंख-शिंपले व प्रवाळ यांना त्याचा अल्प अंशही मारक ठरतो. जस्ती बादलीतून जस्त सुटते, लोखंड गंजते, ॲल्युमिनियमला बारीक छिद्रे पडतात. स्टीललाही खारे पाणी फार काळ मानवत नाही. प्लास्टिकच्या बादलीची लोखंडी कडीसुद्धा पाण्यात बुडू देऊ नये.

मग भांडे कोणते घ्यावे? काचेची बरणी उत्तम. अन्नपदार्थांसाठी बनविलेली प्लास्टिकची नवी बादली वा डबाही चालतो. त्याच्या तळाशी त्रिकोणात २ किंवा ५ हा अंक पाहावा. मात्र हा अंक प्लास्टिकची जात तेवढी सांगतो. त्या डब्यात पूर्वी काय होते, हे सांगत नाही.

हीच बाब सर्वांत महत्त्वाची आहे. कापूस व संत्र्याच्या या मुलखात कीटकनाशकांचे रिकामे डबे घरोघरी आढळतात. पुष्कळदा तेही त्याच २ क्रमांकाच्या प्लास्टिकचे असतात. विषाचा अंश प्लास्टिकमध्ये मुरतो व कितीही धुतले तरी पुरता जात नाही. असा डबा माशांसाठी नको, तसाच पिण्याच्या पाण्यासाठी, धान्यासाठी वा गुरांच्या पाण्यासाठीही नको. कीटकनाशक नियम, १९७१ अन्वये रिकामी वेष्टने पुन्हा वापरली जाऊ नयेत म्हणून ती उघड्यावर टाकण्यास मनाई असून, ती फोडून वस्तीपासून दूर पुरावीत असे सांगितले आहे.

निवडलेले भांडे साबणाने न धुता साध्या पाण्याने वारंवार खळबळून घ्यावे आणि मत्स्यालयासाठीच राखून ठेवावे. त्यावर तशी खूण करावी, म्हणजे ते चुकून फिनेलच्या पाण्यासाठी वापरले जाणार नाही. उन्हाळ्यात पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागे राहतात. म्हणून घटलेले पाणी गोड्या पाण्याने भरून काढावे. नुसत्या स्वयंपाकाच्या मिठाने समुद्राचे पाणी होत नाही. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आदींचे क्षारही लागतात; त्यासाठी तयार मिश्रण वापरावे.

मासा तक्रार करीत नाही. तो मरतो, तेव्हाच भांड्याचा दोष उघड होतो. माणसाच्या बाबतीत तितका उशीर होऊ नये. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना टाकी दाखविताना भांड्यांचा हा धडाही द्यावा, आणि विद्यार्थ्यांनी तो घरी न्यावा.