अणूवरचा खर्च आणि कास्तकाराचा हिशेब



हिवरा आश्रमच्या शिवारात अणुऊर्जेचा विषय काढला की कुणीतरी विचारणारच, "त्याचा आमच्याशी काय संबंध?" तारापूरचं अणुवीज केंद्र तिकडे समुद्राकाठी, आपण इकडे मेहकर तालुक्यात. पण सरकारनं अणूवर केलेला खर्च या भागात केव्हाच येऊन पोचला आहे, आणि तो तिफणीतून आला. टीएयू-१ हा उडीद तुमच्यापैकी अनेकांनी पेरला असेल. टीएयू म्हणजे ट्रॉम्बे अकोला उडीद. भाभा अणुसंशोधन केंद्रात बियाण्यावर किरणांचा मारा करायचा, उगवलेल्या हजारो झाडांतून टपोऱ्या दाण्याचं झाड हेरायचं, त्याचा चांगल्या वाणाशी संकर करायचा, आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं तो आपल्या काळ्या रानात पारखून घ्यायचा. १९८५ मध्ये हा वाण आला. टॅग-२४ भुईमूगही याच जोडीचा. असं बियाणं किरणोत्सारी असतं, ही भीती मात्र सोडून द्या. किरण दाण्यातून आरपार जातात, मुक्काम करत नाहीत.

विजेची गोष्ट इतकी सरळ नाही. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग झाला, १९५४ मध्ये थेट पंतप्रधानांच्या हाताखालचं स्वतंत्र खातं आलं, १९६९ मध्ये तारापूर सुरू झालं. १९६२ च्या कायद्यानं सगळा कारभार सरकारच्याच मुठीत ठेवला. एवढं पाठबळ मिळूनही देशाच्या विजेत अणूचा वाटा आज जेमतेम तीन टक्के आहे.

आता २०४७ पर्यंत १ लाख मेगावॉटचं उद्दिष्ट आहे. सध्याची क्षमता ९ हजारांच्या आतबाहेर. २०२५ च्या अर्थसंकल्पात लहान अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २० हजार कोटी ठेवले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात संसदेनं नवा कायदा करून खासगी कंपन्यांना दार उघडलं.

हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री टॉर्च घेऊन मोटारीवर जाणाऱ्याला यातून काय मिळेल? खरं सांगायचं तर थोडंच. शेतीपंपाला दिवसाची लाईन हवी, आणि ती सौर फीडरवरून लवकर व स्वस्तात मिळू शकते. अणुभट्टी रात्रंदिवस एका चालीनं चालते. तिची गरज कारखान्यांना, रेल्वेला, शहरांना. कोळसा कमी करायचा तर ती लागेल, हे मला मान्य आहे.

पण धोका कुणाच्या दारात ठेवायचा? रत्नागिरी जिल्ह्यात माडबनला जैतापूर प्रकल्पासाठी जमिनी गेल्या. २०११ च्या आंदोलनात गोळीबारात एकाचा जीव गेला. ९,९०० मेगावॉटच्या त्या प्रकल्पात अणुभट्टीचं बांधकाम अजून सुरू झालेलं नाही. अडलं ते दरावर आणि अपघाताच्या जबाबदारीवर. यंत्र सदोष निघालं तर ते पुरवणाऱ्याकडून वसुली करण्याची तरतूद २०१० च्या कायद्यात होती. विदेशी कंपन्यांना ती खुपत होती. नव्या कायद्यानं ती काढून टाकली.

आपण साधं फवारणीचं औषध घेतो तेव्हाही पक्की पावती मागतो. सरकारनं अणुऊर्जेला पैसा द्यावा, खासगी भांडवलही आणावं. पुरवठादाराला दिलेली ही सूट मात्र चूक आहे, आणि ती दुरुस्त व्हायला हवी.