अंतरात्म्याचा आवाज आणि पक्षाचा हुकूम



१९६९ सालची राष्ट्रपतिपदाची निवडणूक आठवा. काँग्रेसचे उमेदवार नीलम संजीव रेड्डी. त्यांच्या अर्जावर सही खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधींची. पण रेड्डींनाच मत द्या असा आदेश काढायला त्यांनी नकार दिला. ज्याने त्याने सद्सद्विवेकबुद्धीने मत द्यावे, म्हणाल्या. १६ ऑगस्टला मतदान झाले. पहिल्या पसंतीत निकाल लागला नाही. तिसरे उमेदवार आपले चिंतामणराव देशमुख. त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजल्यावर अपक्ष गिरींना ४,२०,०७७ आणि रेड्डींना ४,०५,४२७ मते पडली. नोव्हेंबरात पक्षाने इंदिराबाईंना काढले, पक्ष फुटला.

यात निव्वळ विवेक होता असे मी म्हणणार नाही. खुर्चीची लढाई होतीच. पण पक्षाचा हुकूम मोडता येतो, हे देशाने पाहिले.

आज कायदा काय सांगतो? राष्ट्रपती निवडताना मत गुप्त, व्हिप बंधनकारक नाही. पण सभागृहात व्हिप मोडला, तर १९८५ च्या पक्षांतरबंदीने आमदारकी जाऊ शकते. म्हणजे राष्ट्रपतीसाठी अंतरात्मा मोकळा आणि कापूस-ज्वारीच्या भावासाठी बांधलेला!

तरी पक्षाच्या बैठकीत आपल्यासाठी भांडायला कोणता कायदा आडवा येतो? मत मागायला येतील तेव्हा एवढेच विचारा: "पक्षाचा हुकूम आमच्या भावाच्या आड आला, तर तुम्ही कोणाचे?" उत्तर चार माणसांसमोर घ्या आणि पाच वर्षे लक्षात ठेवा.