पटकी कुणाच्या विहिरीत शिरते?
(बाभुळगाव इथं तरुणांपुढं केलेलं भाषण)



उभा आहे बाभुळगावात, पण बोलणार आहे शेजारच्या अमरावती जिल्ह्याबद्दल. जुलै २०२२. मेळघाटातली पाचडोंगरी आणि कोयलारी. आदिवासींची गावं. बिल थकलं म्हणून पाणीपुरवठ्याची वीज तोडलेली. पंप बंद, नळ कोरडे. लोक उघड्या विहिरीचं पाणी प्याले. जुलाब, ओकाऱ्या. माणसं मेली. तपासणीत निघाली पटकी, म्हणजे कॉलरा.

निदानाच्या कागदावर जंतूचं नाव आलं. तोडलेल्या तारेचं नाव कोण लिहिणार?

जंतू काही नवा नाही. १८८४ साली रॉबर्ट कोखनं कलकत्त्याच्या एका तळ्यात तो शोधून दाखवला. त्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी, १९२७ ला, बाबासाहेबांसोबत आपली माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली. तर महाडच्या सनातन्यांनी तळं 'शुद्ध' करायला शेण-गोमूत्र ओतलं! प्यायच्या पाण्यात शेण, आणि विटाळ म्हणे आमचा. हसताय? तुमच्या गावच्या वस्तीतल्या विहिरीत टीसीएल पावडर शेवटची कधी पडली, सांगता येईल?

आता कामाचं. पावसाळ्यात गावी गेलात अन् दोन-चार घरांत एकदम तांदळाच्या धुवणासारखे जुलाब लागले, तर अंगारेधुपारे नकोत आणि रिपोर्टची वाटही पाहायची नाही. माणूस पाणी आटून मरतो, काही तासांत मरतो. ओआरएसची पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. घोटघोट पाजत राहा, पाजत पाजतच दवाखाना गाठा. १९७१ च्या बांगला निर्वासितांच्या छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीसांनी असल्याच पाण्यावर माणसं जगवली.

नमुन्याचं मात्र लक्षात ठेवा. जुलाबाचा नमुना अँटिबायोटिक द्यायच्या आधी घ्यायचा आणि कॅरी-ब्लेअरच्या नळीत ठेवायचा. कोरड्या बाटलीत घालून तालुक्याहून जिल्ह्याला पाठवला तर वाटेत जंतू मरतो. मग रिपोर्ट येतो 'काही नाही', आणि साहेब म्हणतात साथच नव्हती.

तोवर आशाताईला घेऊन वही काढा. कोण आजारी, कोणत्या दिवशी, पाणी कुठलं. लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नोनं हेच केलं, घरोघर फिरून. पंपाचा दांडा काढायला लावला. जंतू तेव्हा त्याला माहीतसुद्धा नव्हता.

ती वही ग्रामसेवकापुढं ठेवा. विहिरीत टीसीएल टाकायचा अन् पाणी तपासायचा अर्ज लेखी द्या. शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय तिथनं हलू नका.