कागदावरचा सख्या, घरातला सखाराम



जात पडताळणीसाठी पणजोबांची नोंद काढावयास जावे तर कागदावर भलतेच नाव निघते, आणि मुले म्हणतात, "हा आमचा पणजोबा नव्हेच." आज आम्हाला एवढेच सांगावयाचे आहे की पुष्कळदा तो आपलाच पणजोबा असतो. फरक माणसात नसतो, लिहिणाऱ्याच्या लेखणीत असतो.

प्रथम जनगणनेविषयी. इंग्लंडात घरोघरचे जनगणनेचे कागद शंभर वर्षांनी खुले होतात. १९२१ चे कागद २०२२ साली खुले झाले. आपल्याकडे जनगणना अधिनियम १९४८ च्या कलम १५ अन्वये ते पाहता येत नाहीत. मात्र १९५१ च्या जनगणनेच्या वेळी त्याच माहितीवरून गावोगाव नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर लिहिले गेले. २०२३ साली न्या. संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध झाला, तेव्हा तपासावयाच्या दप्तरांत हे रजिस्टर, खासरा पत्रक, गाव नमुना १४ मधील जन्ममृत्यूच्या नोंदी आणि शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे होती. ज्या कपाटात शेजाऱ्याचा पणजोबा शोधला गेला, त्याच कपाटात आपलाही असू शकतो.

मग नाव जुळत का नाही? पहिले कारण लिपी. आपले सोयगाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि सरकारी दप्तर उर्दूत चाले. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. ण आणि ळ यांना वेगळी अक्षरे नाहीत. काळूचा कालू तिथेच होतो. हद्दीपलीकडे खानदेशात इंग्रजी अंमल. तिकडचे जुने कागद मोडीत, आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नसत. ज्यांची सोयरीक वा मजुरी पाचोरा-जामनेरकडे होती, त्यांच्या घरात एकाच माणसाची नावे दोन लिप्यांत सापडू शकतात.

दुसरे कारण अधिक बोचणारे आहे. इतरांच्या नावापुढे राव, जी लागे. आपल्या माणसाचे नाव मात्र मोडून लिहिले जाई. सखारामचा सख्या, महादूचा म्हाद्या. ही लेखनातली चूक नव्हे, ती गावातली पायरी होती, आणि ती कागदावरही उतरली.

तिसरे कारण आडनाव. जुन्या नोंदीत "सख्या वल्द काळ्या महार" एवढेच असे. बाईचे नाव तर "जौजे" म्हणून नवऱ्याच्या नावामागे लपलेले. आडनाव पुढे शाळेत लागले, आणि कधी दोन भावांना दोन आडनावे लागली.

चौथे कारण आपल्या अभिमानाचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ च्या जनगणनेत बौद्ध होते २,४८७. १९६१ साली झाले २७,८९,५०१. म्हणून बापाच्या कागदावर महार आणि मुलाच्या कागदावर बौद्ध. घर एकच. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. तेव्हा जुना शब्द सापडला म्हणून बिचकू नये. उलट १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा असा कागद आपल्याला हवाच असतो.

सालांचाही घोळ होतो. निजामी कागदावर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवावे. १३५० फसली म्हणजे १९४०-४१. वये तर तीस, चाळीस, पन्नास अशी अंदाजाने लिहिलेली.

आता उपाय. पडताळणीच्या कायद्यात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे, म्हणून काळजी आपणच घ्यावी. जुन्या कागदावर खाडाखोड कदापि करू नये. वेगळी शाई दिसली की खरी नोंदही संशयात पडते. कागदाची प्रमाणित नक्कल घ्यावी, उर्दू-मोडी जाणकाराकडून वाचून घ्यावी. नंतर साखळी जोडावी: पणजोबांची नोंद, वारसाचा फेरफार, आजोबांचे शाळेचे रजिस्टर, वडिलांचा दाखला. नाव बदलले तरी बापाचे नाव, गाव, गट नंबर आणि भावंडे जुळतात का ते पाहावे. वडिलांकडील रक्ताच्या नात्यात कोणाचे वैधता प्रमाणपत्र असेल तर ते आधी मागावे. भाऊबंदकीचा अबोला मुलांच्या प्रवेशाच्या आड येऊ देऊ नये.

विद्यार्थी मित्रहो, आजी-आजोबा आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा. घरची नावे, टोपणनावे, मूळ गाव, सोयरे एका वहीत लिहून घ्या. आणि कागदावर सख्या दिसला तर मान खाली घालू नका. लाज त्या लेखणीची. त्याने मुलाला शाळेत घातले, म्हणून तुम्ही आज तो कागद वाचू शकता. त्याला पुन्हा सखाराम म्हणणे आपल्या हाती आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.