एका बैठकीत एकच धडा

दिवसभराच्या प्रशिक्षणाला आपण जातो, वही भरते. पण घरी आल्यावर ध्यानात किती राहतं? म्हणून आमच्या गटानं ठरवलं: बैठकीत दहा मिनिटं एकच धडा, आणि तो तिथंच करून बघायचा.

नांदेड-लातूरकडं घराचं वर्ष सोयाबीनवर चालतं. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात कितीतरी रानांत बियाणं उगवलंच नाही, दुबार पेरणी करावी लागली. म्हणून पहिला धडा बियाण्याचा.

घरच्या बियाण्यातले १०० दाणे, चांगले-वाईट न निवडता, मोजून घेतले. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांडल्या, गुंडाळून सावलीत ठेवलं, रोज पाणी शिंपडलं. आठवड्यानं, पुढच्या बैठकीत, चांगले मोड मोजले. ७० किंवा जास्त निघाले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. ६० निघाले तर ३५ किलो लागतं. त्याहून कमी असतील, तर ते बियाणं पेरायचं नाही.

अक्षरओळख नसलेल्या आमच्या मावशींनीही हा धडा शेजारणीला शिकवला, कारण मोड त्यांनी स्वतः मोजले होते. आता पुढचा धडा बीजप्रक्रियेचा. तुमच्या गटाचा पहिला धडा कोणता, बायांनो?