दोन कोर्टं



शिबिरात बास्केटबॉल कशाला, असं मागच्या रांगेतून कुणीतरी पुटपुटलं. ऐकलं मी. प्रश्न रास्त आहे. उत्तर शेवटी देतो. आधी एका पोराची गोष्ट ऐका.

पोराचं नाव स्पेन्सर हेवूड. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात सिल्व्हर सिटी नावाचं खेडं आहे. नावात चांदी, रानात कापूस. तिथं १९४९ साली हा जन्मला. काळा. दहा भावंडं. आई कापूस वेचायची, पोरगाही वेचायचा. पुढे डेट्रॉईटला आला. तिथल्या पर्शिंग हायस्कूलला त्यानं १९६७ साली राज्याचं अजिंक्यपद मिळवून दिलं. १९६८ साली मेक्सिको ऑलिंपिक. त्याच ऑलिंपिकात दोन काळ्या धावपटूंनी काळे हातमोजे घालून मुठी वर केल्या होत्या. तिथं हा एकोणीस वर्षांचा पोरगा अमेरिकेसाठी बास्केटबॉलचं सुवर्णपदक जिंकून आला.

पदक देशाला चाललं. पण पोरगा म्हणाला, आता मला कमवू द्या, घरी आई आहे. तिथं नियम आडवा आला. एनबीए ही तिथली सर्वांत मोठी व्यावसायिक लीग. तिचा नियम असा, की शाळा सुटून चार वर्षं झाल्याशिवाय कुणालाही घ्यायचं नाही. मग चार वर्षं करायचं काय? कॉलेजसाठी खेळायचं. तिकिटं खपायची, पैसा कॉलेजचा. खेळणाऱ्याला फी माफ आणि जेवणखाण. पगार? छे! म्हणे शिक्षणाचं पावित्र्य बिघडतं.

आता गंमत बघा. त्याच काळात बेसबॉलवाला पोरगा शाळेतून थेट पगारावर जायचा. टेनिसवाल्याला, हॉकीवाल्याला कुणी चार वर्षं थांब म्हणत नव्हतं. व्हिएतनामच्या लढाईसाठी अठराव्या वर्षी नाव नोंदवावं लागायचं. मरायला अठरा पुरे, कमवायला मात्र पुरे नाहीत!

हेवूड थांबला नाही. एबीए ही दुसरी, नवी लीग होती. तिनं घरच्या हलाखीची सवलत देऊन त्याला १९६९ साली डेन्व्हरच्या संघात घेतलं. पहिल्याच हंगामात सामन्यामागे सरासरी तीस गुण. सर्वोत्तम खेळाडू तोच. मग १९७० साली एनबीएतल्या सिअ‍ॅटल संघानं त्याच्याशी करार केला, आणि लीग चवताळली. हेवूडनं दावा लावला. संघमालक त्याच्या पाठीशी राहिला. माणुसकीचं माहीत नाही, पण त्याला खेळाडू हवा होता, हे नक्की. हेवूड पुढे सांगायचा, की परगावच्या सामन्यात मैदानावर बेकायदा खेळाडू आहे, अशी कर्ण्यावरून घोषणा व्हायची. विचार करा. माणूस बेकायदा!

१ मार्च १९७१ ला सुप्रीम कोर्टानं त्याला खेळू देण्याचा मनाई हुकूम पुन्हा लागू केला. पुढे तडजोड झाली आणि चार वर्षांची भिंत पडली. एका कोर्टावर खेळण्यासाठी पोराला दुसऱ्या कोर्टात जावं लागलं.

त्या भगदाडातून किती जण गेले! १९७५ साली डॅरिल डॉकिन्स शाळेतून थेट एनबीएत गेला. १९९५ ला केव्हिन गार्नेट, १९९६ ला कोबी ब्रायंट. २००३ ला अ‍ॅक्रन गावचा लेब्रॉन जेम्स, निवडीत पहिला.

आणि मग? २००५ साली दार पुन्हा लोटलं गेलं. वय एकोणीस हवं आणि शाळा सुटून एक वर्ष झालेलं हवं. यंदा कोर्ट का आडवं आलं नाही? कारण या वेळी नियम एकट्या मालकांचा नव्हता. खेळाडूंच्या संघटनेनं करारावर सही केली होती. जे आत पोचले होते, त्यांनी बाहेरच्यांच्या तोंडावर कडी लावायला हात दिला. शाळकरी पोरगा संघटनेचा सभासद नाही, त्याला कोण विचारतो? २०२३ च्या करारातही तो नियम कायम राहिला.

एक फसवणूक आपली आपण करू नये. एनबीएत संघ तीस, संघात नेहमीच्या जागा पंधरा. म्हणजे साडेचारशे खुर्च्या आणि शाळांतून खेळणारी पोरं लाखो. एक हेवूड वर गेला म्हणून गल्ली वर जात नाही. त्याचीही पुढे ड्रग्जनं वाताहत झाली, १९८० साली ऐन अंतिम फेरीत संघानं त्याला घरी बसवलं. तो सावरला. मानाच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव लागायला मात्र २०१५ उजाडलं.

आता त्या प्रश्नाचं उत्तर. ज्यांच्याकडून आपण १९७२ साली पँथर हे नाव घेतलं, त्यांच्याच वस्त्यांतली ही गोष्ट आहे. दार फोडणारा एकटा असतो, आत शिरणारे पुष्कळ. तुमच्यातले काही उद्या आत जातील. बँकेत, कॉलेजात, कचेरीत. जा, जरूर जा. पण आत गेल्यावर तुमचा हात कडीवर असेल की बाहेरच्याला ओढून घ्यायला पुढे असेल, एवढं आजच ठरवा.

जय भीम.